सहा टक्क्यांची जुनी गोष्ट

दसरा-दिवाळी जवळ आली की पेपरातून गाड्यांच्या जाहिरातींची पत्रकं पडायला लागतात. 'फक्त 6 टक्के फ्लॅट', 'डाउन पेमेंट शून्य', 'ऑफर आजच्यापुरती'. यातल्या 'फ्लॅट' या शब्दामागचा हिशेब काही नवा नाही. अमेरिकेत याच हिशेबापायी जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन बलाढ्य कंपन्या कोर्टात हरल्या होत्या, त्यालाही आता ऐंशीपेक्षा जास्त वर्षं झाली. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

गाडी हप्त्याने विकायची कल्पना कंपन्यांना सुरुवातीपासून आवडली होती असं नाही. हेन्री फोर्डला उधारीचा तिटकारा होता. जनरल मोटर्सने 1919 साली स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली, तरी फोर्ड हटून बसला. 1923 मध्ये त्याने उलटी योजना आणली: आठवड्याला पाच डॉलर आमच्याकडे साठवा, पूर्ण किंमत जमली की गाडी घेऊन जा. म्हणजे आपली भिशीच म्हणा ना. लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली, कारण पलीकडच्या दुकानात गाडी आज मिळत होती आणि पैसे उद्या द्यायचे होते. 1928 साली फोर्डनेही निमूटपणे कर्जाची कंपनी काढली.

त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या हप्त्यांवरच जात होत्या आणि हे बरं की वाईट यावर मोठा वाद चालू होता. तेव्हा जनरल मोटर्सच्या पुढाकाराने एका नामवंत अर्थतज्ज्ञाकडे अभ्यास सोपवला गेला. त्याचे दोन खंड 1927 साली आले आणि निष्कर्ष एकंदरीत हप्त्यांच्या बाजूने होता. हे अर्थतज्ज्ञ म्हणजे कोलंबिया विद्यापीठाचे प्रा. एडविन सेलिग्मन, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू. बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या 1925 सालच्या ग्रंथाला प्रस्तावना आहे ती त्यांचीच. सेलिग्मन यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही. हप्त्यांमुळेच सामान्य माणसाच्या दारात गाडी आली. माझा आक्षेप हप्त्याला नाही. हप्त्यात किती व्याज भरतोय ते न सांगण्याला आहे.

आता मुख्य गोष्ट. 1935 च्या अखेरीस जनरल मोटर्सने '6 टक्के प्लॅन'ची जोरदार जाहिरात सुरू केली. इतर कंपन्याही मागोमाग आल्या, फोर्डसुद्धा. वाचणाऱ्याला वाटायचं, वर्षाला सहा टक्के व्याज. पण हे सहा टक्के मोजले जायचे सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर, शेवटच्या महिन्यापर्यंत.

यातली मेख समजायला कॅलक्युलेटर लागत नाही. समजा, 1200 रुपये वर्षासाठी घेतले आणि दरमहा 100 रुपये मुद्दल फेडलं. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे 1200 रुपये आहेत, दुसऱ्यात 1100, शेवटच्या महिन्यात फक्त 100. म्हणजे वर्षभर सरासरी 650 रुपयेच तुम्ही वापरले. व्याज मात्र 1200 वर सहा टक्के, म्हणजे 72 रुपये. 650 वर 72 रुपये म्हणजे 11 टक्क्यांच्या वर! जाहिरातीत सहा, खिशातून अकरा.

फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी आयोगाने यावर कारवाई केली. कंपन्या अपिलात गेल्या. 1940 मध्ये जनरल मोटर्स हरली, 1941 मध्ये फोर्ड. फोर्डच्या निकालाचा सारांश असा, की सर्वसामान्य माणूस हप्त्यांचा बारीक हिशेब मांडत बसत नाही, बऱ्याचदा त्याला तो मांडताही येत नाही. त्यामुळे अशा जाहिरातीने त्याची दिशाभूल होते. मला हा निकाल मोठा वाटतो. 'ग्राहकाने नीट बघून घ्यायला हवं होतं' हे विकणाऱ्याचं पेटंट उत्तर त्यात चाललं नाही.

त्याच सुमाराला दुसरा खटलाही उभा राहिला होता. डीलरने कर्ज आमच्याच कंपनीचं द्यावं म्हणून जनरल मोटर्स दबाव आणते, असा आरोप होता. 1939 साली कंपनी दोषी ठरली, अधिकारी मात्र सुटले. (हा भाग वाचताना आपल्याला फारसं आश्चर्य वाटणार नाही.)

जाहिरातीतली एक युक्ती थांबली म्हणून धंदा थोडाच थांबतो! खरा वार्षिक दर कागदावर लिहिलाच पाहिजे, असा कायदा व्हायला पुढे जवळजवळ तीस वर्षं गेली. सिनेटर पॉल डग्लस हे मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी 1960 मध्ये हे विधेयक मांडलं. कर्ज देणाऱ्यांची ओरड अशी की असा दर काढणं फार किचकट आहे आणि लोकांचा गोंधळ उडेल. हप्ता काढताना काही गोंधळ उडत नव्हता, तो फक्त दर सांगताना उडायचा! विधेयक वर्षानुवर्षं समितीतच अडकलं, 1966 साली डग्लस निवडणूक हरले आणि कायदा झाला 1968 मध्ये. तेव्हा ते सभागृहात नव्हते.

आपल्याकडचं बघू. विधी आयोगाने हप्ते-खरेदीवर 1961 मध्येच अहवाल दिला होता. 1972 साली संसदेने हायर-पर्चेस कायदा मंजूर केला. वस्तूची रोख किंमत किती आणि हप्त्यांनी किती, हे करारात लिहिणं त्यात सक्तीचं होतं, आकारणीवर मर्यादाही होती. हा कायदा एक दिवसही प्रत्यक्षात लागू झाला नाही आणि 2005 मध्ये रद्द झाला. तेहतीस वर्षं नुसता पुस्तकात! याच काळात मारुती आली, खासगी बँका आल्या, गाडीकर्ज घरोघरी पोचलं.

आजची परिस्थिती अगदी तशीच आहे असं मी म्हणणार नाही. नव्या गाडीला बँका बहुधा घटत्या शिलकीवरचाच दर सांगतात. 'फ्लॅट'ची भाषा जास्त ऐकू येते ती जुन्या गाड्या, दुचाकी आणि टेम्पोच्या कर्जात, म्हणजे जिथे घेणाऱ्याचा हात आधीच तंग असतो तिथे. 8 लाख रुपये पाच वर्षांसाठी 6 टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज 2 लाख 40 हजार, हप्ता सुमारे 17,333. घटत्या शिलकीने हाच दर 10.85 टक्क्यांच्या आसपास जातो. पलीकडची बँक साडेनऊ म्हणत असेल तर ती स्वस्त आहे. पण सहा ऐकलेल्या माणसाला ते कसं पटायचं?

शोरूममध्ये फायनान्सच्या टेबलावर बसलेला मुलगा कुणाचा असतो? चहा तो आपल्याला पाजतो, पण कर्ज गेलं की कमिशन त्याला किंवा त्याच्या मालकाला फायनान्स कंपनीकडून मिळतं. विमा तिथूनच काढला, तर त्याचंही मिळतं. त्या पोराला मी दोष देत नाही, त्यालाही टार्गेट आहे. पण हे कमिशन आपल्याला कुणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये दर जितका चढा तितकं डीलरचं कमिशन जास्त, असे करार सर्रास चालत. 2021 मध्ये त्यांवर बंदी आली. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डीलर हा ग्राहकाचा विश्वस्त नसतो असं म्हटलं खरं, पण एका खरेदीदाराचा व्यवहार अन्यायकारक ठरवला. त्याच्या कर्जावरच्या एकूण आकारापैकी 55 टक्के रक्कम डीलरचं कमिशन होती आणि त्याला ती कळलीच नव्हती.

आपल्याकडे यावर अजून तरी बोंबच आहे. पण एक हत्यार हातात आलंय आणि ते फार कमी लोक वापरतात. रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 ला परिपत्रक काढलं आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना गाडीकर्जासह सगळ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक झालं. व्याज, प्रोसेसिंग फी, कर्जदात्यामार्फत वसूल होणारा विमा, सगळं धरून वार्षिक टक्केवारीचा एकच दर त्यात लिहावा लागतो. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. म्हणजे मराठीत मागा. हक्काने मागा.

अजून एक. एक आठवडा किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात त्या कागदातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. तेव्हा 'साहेब, सही आत्ताच करा, संध्याकाळी रेट बदलेल' असं कुणी म्हणालं तर कागद घ्या, घरी या, जेवा, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या बँकेत जाऊन तिथला वार्षिक दर विचारा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. ॲक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटी कर्जात घुसवली आहे का, ते बघा, कारण त्यावरही पाच वर्षं व्याज बसतं. आणि कर्ज फिटलं की बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेऊन आरसी बुकावरचा बोजा उतरवून घ्या. तो आपोआप उतरला असेल असं धरून चालू नका. गाडी विकायला काढल्यावर तिथेच अडतं.