मुलांची साक्ष कोण नोंदवणार?

मुलांच्या प्रश्नावर मुलांनाच विचारा, असे म्हटले की ‘पोरांना काय कळतंय?’ हे उत्तर ठरलेले. सरकारी बैठकीत ते येते, आणि खेदाची गोष्ट म्हणजे आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतही येते. ‘यांना कळत नाही’ असे ठरवूनच ज्यांना शतकानुशतके गप्प ठेवले, त्यांच्या वारसांनी तरी हे वाक्य उच्चारू नये.

मुक्ता साळवे आठवा. फुले दाम्पत्याच्या पुण्यातील शाळेतली जेमतेम चौदा वर्षांची मातंग मुलगी. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापून आला. आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने धर्माच्या ठेकेदारांना केला. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिने मांडले. तिला कोणत्याही समितीने बोलावले नव्हते. तिच्याकडे शाळा होती, ऐकून घेणारे शिक्षक होते आणि तिचे म्हणणे छापणारे नियतकालिक होते, म्हणून ती साक्ष आज आपल्या हाती आहे.

पुढे १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांची साक्ष झाली, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. विचारले जाण्याचा हक्क आपल्या माणसांनी असा झगडून मिळवला. पण लहान मुलाची साक्ष? १९०१ साली भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाला. जात कळताच मसूर स्टेशनवर गाडीवाले मिळेनात, रात्रभर पाणी मिळाले नाही. नऊ-दहा वर्षांच्या त्या मुलाला तेव्हा कोणी काही विचारले नाही. ती हकीकत कागदावर यायला तीसहून अधिक वर्षे गेली, आणि लिहिणारा तोच मुलगा मोठा होऊन बाबासाहेब झाला होता. बाकीच्या मुलांच्या हकीकती त्यांच्याबरोबरच गेल्या.

१९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांबरोबर आदिवासींच्या स्थितीचीही चौकशी तिच्याकडे होती. अहवाल १९३० मध्ये आला. तेव्हा आदिवासी मुलांचा प्रश्न आपला नाही, असे आंबेडकरी तरुणाला म्हणता येणार नाही.

म्हणून भंडारदऱ्याकडे पाहा. प्रवरेवरचे हे धरण इंग्रजांनी १९१० मध्ये बांधायला घेतले, १९२६ मध्ये पूर्ण केले. पाणी कालव्यांनी खालच्या उसाला गेले. वरच्या महादेव कोळी, ठाकर पाड्यांना मिळाली ती म्हण: धरण उशाला, कोरड घशाला. उन्हाळ्यात हंडा ज्या मुलीच्या डोक्यावर असतो, तिला नळयोजना कुठून न्यावी हे इंजिनियरइतकेच कळते. पण तिला विचारतो कोण?

कायद्याच्या बाजूने अडचण नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. त्याचे बारावे कलम मुलांचे मत विचारात घ्यायला सांगते. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. आपल्या २०१३ च्या राष्ट्रीय बालधोरणातही सहभाग हा शब्द आहे. गावच्या विकास आराखड्यासाठी बालसभा घ्यायची असते. प्रत्यक्षात आम्ही पाहिलेल्या बऱ्याच बालसभा म्हणजे बॅनर, पाहुण्यांचे भाषण, बिस्किटपुडा आणि फोटो!

खरी मेख वेगळीच आहे. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे मतदार, म्हणजे अठरा वर्षांपुढचा माणूस. मुलांचा ठराव तिथे कोणीतरी मांडला नाही तर तो हवेतच राहतो. शिवाय अकोले तालुक्यातली अनेक आदिवासी मुले आश्रमशाळेत राहतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना ती गावात नसतात. १ मेच्या सुमारास सुट्टी लागते आणि मुले घरी येतात. तीच तारीख धरा.

पेसा कायद्याच्या महाराष्ट्रातील २०१४ च्या नियमांमुळे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा घेता येते. त्याआधी तीन-चार दिवस पाड्यावरच बसा, तालुक्याच्या सभागृहात नको. मुलींची बैठक वेगळी घ्या. सरपंच आणि गुरुजींना बाहेर चहा पाजा. आश्रमशाळेतील जेवणाची किंवा मारहाणीची तक्रार आली तर मुलाचे नाव कागदावर नको, तक्रार मात्र त्याच्याच शब्दांत हवी. ग्रामसेवकाकडून ती इतिवृत्तात चढवून घ्या, नक्कल मागा आणि पुढच्या सभेत त्या ठरावाचे काय झाले हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर ऐकायला मुलांना समोर बसवा.