दुपट्याचा पुरावा कुठे सापडतो?

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "विषय चांगला आहे, पण साधनं काय?" आयांनी आपल्या मुलांसाठी घरी शिवलेल्या कपड्यांचा आणि पांघरुणांचा इतिहास लिहायचा म्हटलं, तर हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत येतो. आणि तो रास्त आहे.

आपल्याकडचंच बघा. जुनं लुगडं, धोतर धुऊन धुऊन मऊ झालं की त्याचे थर लावायचे आणि धावदोऱ्याने गोधडी शिवायची. उरलेल्या बऱ्या तुकड्यांतून बाळाचं दुपटं, झबलं, टोपडं. बाळाच्या अंगाला नव्यापेक्षा वापरलेलं कापड बरं, हे कुठल्याही आजीला ठाऊक असतं. ते दुपटं मग पाठच्या भावंडाकडे जातं, विरतं, शेवटी पायपुसणं नाहीतर पोतेरं होतं. म्हणजे वस्तूने तिचं काम चोख केलं की पुरावा संपला! संग्रहालयात पोचतात त्या वेगळ्या वस्तू. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयातली मानदासुंदरीची कांथा प्रसिद्ध आहे. ती तिने वडिलांसाठी भरली आणि त्यावर नावही घातलं. भेट म्हणून दिलेलं, नाव-चित्रं असलेलं कापड लोक जपतात. बाळाने ओलं केलेलं कोण जपणार?

तरीही अशी साधी, रोजची बाळकापडं एका ठिकाणी हजारोंनी टिकली आहेत. ती तिथेच का टिकली, हे समजून घेणं संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी फार उपयोगाचं आहे, म्हणून जरा लंडनला जाऊ.

थॉमस कोरम या निवृत्त जहाज-कप्तानाच्या खटपटीतून लंडनमध्ये 'फाउंडलिंग हॉस्पिटल' निघालं. सनद १७३९ची, पहिली मुलं घेतली १७४१मध्ये. नाव हॉस्पिटल असलं तरी तो रुग्णालय नव्हे, टाकलेल्या किंवा सांभाळणं अशक्य झालेल्या मुलांचा आश्रम होता. मूल आत घेताना आईचं नाव विचारत नसत. मग पुढे कधी ती परत आली तर मूल ओळखायचं कसं? त्यासाठी प्रत्येक मुलाचा एक छापील फॉर्म भरला जाई. त्यात टोपी, लाळेरं, फ्रॉक, ब्लँकेट, लंगोट अशा वस्तूंची यादी, अंगावरच्या खुणांसाठी जागा, आणि सोबत खूण म्हणून टाचलेला कापडाचा तुकडा. बाळाला पुढे संस्थेचं नवं नाव आणि संस्थेचेच कपडे मिळत. जुन्या आयुष्यातलं उरे ते एवढंच.

१७४१ ते १७६० या काळातले असे सुमारे ५,००० तुकडे शिल्लक आहेत. कागदाला टाचून वह्यांत बांधले गेल्यामुळे उजेड लागला नाही, म्हणून रंग अजून ताजे आहेत. शिवाय प्रत्येक तुकड्याला तारीख आहे! अठराव्या शतकातल्या गरिबांच्या कापडाचा एवढा मोठा, तारीखवार साठा दुसरा नाही. इतिहासकार जॉन स्टाइल्स यांनी तो अभ्यासला आणि २०१०मध्ये त्यावर लंडनला प्रदर्शनही भरवलं.

आता वाचताना सावध राहायचं. पहिला मोह असतो प्रत्येक तुकड्यात आईचा हुंदका ऐकण्याचा. पण पुष्कळ तुकडे संस्थेच्या कारकुनाने बाळाच्या अंगावरच्याच कपड्यातून कापून घेतलेले आहेत. आईने मुद्दाम निवडून दिलेली खूण आणि कारकुनाने कापलेला नमुना हे वेगवेगळे पुरावे आहेत. दोन्ही एकाच पानावर टाचलेले दिसतात म्हणून ते एक होत नाहीत. दुसरं, कापड कशाचं आहे हेही तपासावं लागतं. भारतीय छिटाच्या धसक्याने इंग्लंडने १७२१मध्ये छापील सुती कापड वापरायला बंदी केली होती आणि ती १७७४पर्यंत टिकली. मधे १७३६मध्ये तागाचा ताणा आणि सुती बाणा असलेल्या मिश्र कापडाला सूट मिळाली. गरीब बाळाच्या बाहीवरचं छापील फूल असं थेट आपल्या सुरतेच्या-कोरोमंडलच्या व्यापाराशी जाऊन भिडतं. कायदा ठाऊक नसेल तर ते नुसतं फूल दिसेल.

काही तुकडे मात्र नि:संशय आईच्या हातचे आहेत. ११ फेब्रुवारी १७६७ला आणलेल्या चार्ल्स नावाच्या मुलाबरोबर ठिगळं जोडून केलेलं एक कापड होतं, त्यावर बदाम भरलेला आणि मधोमध कापलेला. अर्धं संस्थेकडे, अर्धं आईकडे. १७७५मध्ये आई सेरा बेंडर परत आली आणि तिने मुलगा ताब्यात घेतला. हे उदाहरण सगळीकडे छापतात, कारण ते गोड आहे. पण शेजारी हा आकडा ठेवा: १७४१ ते १७६० दरम्यान १६,२८२ मुलं आली आणि परत नेली गेली फक्त १५२. बहुतेक मुलं तर लहानपणीच दगावली. सेरासारख्या आया अपवाद होत्या. आणि कापड टिकलं ते मायलेकरांची ताटातूट झाली म्हणून. जी बाळं घरीच वाढली त्यांची दुपटी इंग्लंडमध्येही पोतेरीच झाली.

मग मराठी साधनं शोधायची तर हीच नजर लावून बघता येईल. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, १८७५मध्ये पंढरपुरात तसा आश्रम निघाला. पण इथे लंडनची पद्धत जशीच्या तशी शोधू नका. फसवल्या गेलेल्या विधवेला ओळख पुसायची होती. अर्ध्या कापलेल्या कापडासारखी खूण जवळ ठेवणं तिला जिवावरचं होतं. त्यामुळे खुणेची चिंधी मिळण्याची आशा इथे कमी. पोलिसी पंचनामे जास्त कामाचे. बेवारस सापडलेल्या अर्भकाच्या पंचनाम्यात ते कशात गुंडाळलं होतं हे लिहिलेलं असतं, लुगड्याचा तुकडा, रंग, काठ. शिपायाने ते लिहिलं गुन्ह्याच्या तपासासाठी, आणि ज्या बाईचा माग काढायला लिहिलं तिच्याच विरुद्ध. हे ध्यानात ठेवूनच त्यातला काठाचा रंग आपल्या वहीत उतरवायचा.