लंडी खान्याची गाडी

लंडी खान्याची गाडी १९३२ सालीच बंद झाली. खैबर खिंडीतला लोहमार्ग इंग्रजांनी १९२५ मध्ये लंडी कोतलपर्यंत नेला, पुढच्या वर्षी तो अफगाण सरहद्दीजवळच्या लंडी खान्यापर्यंत वाढवला आणि सहा वर्षांत तो शेवटचा तुकडा गुंडाळूनही टाकला. काही नकाशांतून मात्र ते स्टेशन कोणी काढलं नाही. त्याचा फटका चाळीस वर्षांनी बसला, आणि तोही तीन भारतीय वैमानिकांना.

दिलीप पारुळकर, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. तिघंही फ्लाइट लेफ्टनंट, १९७१च्या युद्धात विमानं पडल्यामुळे रावळपिंडीच्या छावणीत कैदी. खोलीच्या विटा काढून भिंतीला भोक पाडलं, १९७२च्या १२-१३ ऑगस्टच्या रात्री बाहेर पडले, पेशावरची बस धरली आणि सकाळी लंडी कोतलला पोचले. तिथून सरहद्द हाकेच्या अंतरावर. बाजारात त्यांनी लंडी खान्याला कसं जायचं ते विचारलं आणि तहसील कचेरीतल्या माणसाचे कान टवकारले. नसलेल्या ठिकाणाची चौकशी करणारे हे पाहुणे कुठले?

या हकिकतीत तो माणूस म्हणतो, इंग्रज गेले तेव्हाच लंडी खाना संपलं. बाजारातला माणूस असं म्हणाला असेलही. पण हकीकत सांगणारा लेखक ते वाक्य तसंच उचलून इतिहास म्हणून छापतो तेव्हा माझी पेन्सिल पुढे सरकते. गाडी बंद झाली तेव्हा इंग्रजांना जायला पंधरा वर्षं बाकी होती. माझी उभी नोकरी रेल्वेत वेळापत्रकाच्या टेबलावर गेली. बंद गाडी छापील तक्त्यात राहून गेली की प्रवासी फलाटावर ताटकळतो आणि शिव्या आम्ही खातो. सवय जात नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये पारुळकर पुण्यात गेले. स्वातंत्र्यदिन तोंडावर होता, त्यामुळे आमच्या वर्तकनगरच्या वसाहतीतल्या मुलांनी फलकावर त्यांचं चरित्र लिहायला घेतलं आणि मजकूर तपासायला माझ्याकडे आला. "काका, फक्त शुद्धलेखन बघा," म्हणाले. शुद्धलेखन बरं होतं. पण पहिल्याच परिच्छेदात ग्रुप कॅप्टन पारुळकर तुरुंग फोडून मायदेशी परतले होते. ग्रुप कॅप्टन ते पुष्कळ नंतर झाले. आणि ते परतले नाहीत, पकडले गेले. वाघ्यावरून तिघं परत आले ते १ डिसेंबर १९७२ला, सुटका झाल्यावर. शिवाय मुलांनी खांद्याची जखम १९७१मध्ये टाकली होती. ती १९६५ची. विमानाला गोळी लागून उजवा खांदा जायबंदी झाला, तुकडीच्या नेत्याने उडी मारायला सुचवलं, तरी त्यांनी ते विमान तळावर आणून उतरवलं. वायुसेना पदक त्याबद्दलचं, आणि पलायनाबद्दल पुढे विशिष्ट सेवा पदक.

एक मुलगा कुरकुरला, एवढ्या मोठ्या माणसाच्या गोष्टीत खुसपटं कशाला काढायची? मी त्याला पोखरण रोडवरच्या रेमंडचं उदाहरण दिलं. त्याच कंपनीचे विजयपत सिंघानिया २००५ साली गरम हवेच्या फुग्यातून २१,०२७ मीटर वर गेले. ती उंची उपकरणांनी नोंदली, आंतरराष्ट्रीय संघटनेने तपासली, वाद मिटला. लढाऊ वैमानिकाच्या कैदेला असलं उपकरण नसतं. असतात ती माणसं, आणि तीही दोन्ही बाजूंची.

पारुळकरांनी युद्धाआधीच वरिष्ठांना सांगून ठेवलं होतं म्हणतात, की पकडला गेलो तर स्वस्थ बसणार नाही, पळून जाईन. असल्या वाक्याखाली मी रेघ मारतो. चरित्रनायक खोटं बोलतो असा संशय नाही. पण घडून गेल्यावर आठवण आधीचे संकेत वेचत बसते, म्हणून ऐकणाऱ्याचीही साक्ष हवी. या प्रकरणात साक्षी बऱ्या आहेत. फेथ जॉन्स्टन या कॅनेडियन लेखिकेचं पुस्तक २०१३ला आलं. छावणीतच असलेले धीरेंद्र जाफा यांचं आत्मकथन पुढच्या वर्षी. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की एकट्या नायकाची गोष्ट विरघळू लागते.

छावणीत हवाई दलाचे बारा जण होते. विंग कमांडर कोएल्हो सर्वांत ज्येष्ठ. जाफा, कामत, भार्गव, तेजवंत सिंग, कुरुविला, मुल्ला-फिरोज, चाटी, पेठिया हे बाकीचे. पहाऱ्यावर लक्ष ठेवायला, उकरलेली भिंत लपवायला माणसं लागतात. आणि तिघं गेल्यावर पहारेकऱ्यांचा राग मागे उरलेल्यांवरच निघणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे त्यांना लायलपूरच्या कारागृहात हलवलं. फलकावर या नऊ जणांतला एकही नव्हता.

दुसरी बाजूही नव्हती. छावणीचा प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद १९७१च्या नाताळला कैद्यांसाठी केक घेऊन आला होता. पुढे तो पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचा एडीसी झाला. लंडी कोतलला तिघांनी आपण पाकिस्तानी हवाई दलातले ख्रिस्ती जवान असल्याची बतावणी केली: फिलिप पीटर, अली अमीर, हॅरोल्ड जेकब. (तिसऱ्याचं आणि पहिल्याचं ठीक. अली अमीर हा ख्रिस्ती कसा, हे त्या घाईत कोणी विचारलं नसावं.) ती खपेना तेव्हा पारुळकरांनी उस्मानला फोन लावायचा आग्रह धरला. टोळ्यांच्या मुलुखात हेर म्हणून गोळी घातली असती तर दादफिर्याद नव्हती. उस्मानने फोनवर सांगितलं, माणसं आमची आहेत, धक्का लावू नका. शिवाय जिनिव्हा करारानुसार पळताना पकडलेल्या युद्धकैद्याला फक्त शिस्तभंगाची सजा देता येते, जास्तीत जास्त तीस दिवसांची. पण करार कागदावर राहतो, फोन वेळेवर लागावा लागतो.

शत्रूच्या अधिकाऱ्याचं नाव पंधरा ऑगस्टच्या फलकावर घालायचं का, यावर बरीच वादावादी झाली. शेवटी ठेवलं. जागा पुरेना, मग 'सिंहाच्या जबड्यातून', 'शूर मावळा' असली विशेषणं मी काढायला लावली आणि त्या जागेत बाकीच्या नऊ जणांची नावं बसली.