व्हाइटचॅपेलचे कलादालन : 'लोकांसाठी' या शब्दाचा एक इतिहास

लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपेल ही वस्ती आपल्याकडील वाचकास बहुधा १८८८ सालच्या हत्याकांडामुळे ठाऊक असते. त्याच वस्तीच्या हमरस्त्यावर १२ मार्च १९०१ रोजी लॉर्ड रोझबेरी यांच्या हस्ते एका कलादालनाचे उद्घाटन झाले आणि पहिल्याच प्रदर्शनास २,०६,००० प्रेक्षक आले. गोदी-कामगार, शिंपी, फेरीवाले व नुकतेच देशांतर करून आलेले निर्वासित यांच्या वस्तीत हे घडले, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. या दालनाने स्वतःचा कायमचा चित्रसंग्रह असा केलाच नाही. त्यामुळे त्याचा इतिहास म्हणजे तेथे भरलेल्या प्रदर्शनांचा व त्यांच्या अनुषंगाने झालेल्या व्याख्यानांचा, सभांचा आणि शिकवणीचा इतिहास होय. प्रस्तुत लेखात त्यातील एकाच धाग्याचा मागोवा घ्यावयाचा आहे. चित्र व शेजारी यांच्यामध्ये उभे राहून बोलण्याचा अधिकार येथे वेळोवेळी कोणाकडे होता, हा तो धागा.

या उपक्रमाचे मूळ दालनाच्या वीस वर्षे आधीचे आहे. सॅम्युएल बार्नेट हे १८७३ साली व्हाइटचॅपेलमधील सेंट ज्यूड या चर्चचे धर्मोपदेशक म्हणून आले. १८८१ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी चर्चच्या शाळेच्या खोल्यांतून पहिले चित्रप्रदर्शन भरविले. चित्रे कलावंतांकडून व श्रीमंत संग्राहकांकडून उसनी आणलेली होती. पुढे दर ईस्टरला हे प्रदर्शन भरू लागले आणि १८९२ पर्यंत प्रेक्षकांची संख्या सत्तर हजारांच्या पुढे गेली. रविवारी प्रदर्शन उघडे ठेवण्याचा बार्नेट यांचा आग्रह होता; कारण श्रमिकास सवड होती ती त्याच दिवशी. धर्मनिष्ठांना ते रुचले नाही. लंडनमधील राष्ट्रीय संग्रहालये रविवारी खुली झाली ती १८९६ साली, यावरून एका धर्मोपदेशकाने किती आधी हे धाडस केले याची कल्पना येईल.

हेन्रिएटा बार्नेट यांनी १८८३ साली या प्रदर्शनांविषयी एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचे मराठी रूपांतर 'लोकांसाठी चित्रे' असे करता येईल. भाषेच्या अभ्यासकाची नजर यातील 'साठी' या शब्दयोगी अव्ययावर खिळल्यावाचून राहत नाही. ज्याला उद्देशून क्रिया घडते तो संप्रदान, असे आपले व्याकरण सांगते. संप्रदानाकडे घेण्याचे काम असते. काय द्यावयाचे हे दुसराच कोणी ठरवितो. बार्नेट दांपत्याच्या उपक्रमाची वाक्यरचना नेमकी अशीच होती. पेनीला मिळणाऱ्या सूचीत चित्राचे केवळ नाव देऊन भागत नसे. चित्रात काय घडते आहे आणि त्यातून कोणता बोध घ्यावा, हेही थोडक्यात सांगितलेले असे. १८८४ साली बार्नेट यांनी टॉयन्बी हॉल स्थापन केला. विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत येऊन राहावे, ही त्यामागील कल्पना. हे तरुण प्रदर्शनात पहारा देत आणि चित्रे समजावूनही सांगत. जी. एफ. वॉट्स यांची रूपकात्मक चित्रे बार्नेट यांना विशेष प्रिय होती, यात नवल नाही. ज्या चित्राचे प्रवचन करता येते तेच चित्र प्रवचनकारास आवडावयाचे.

फ्रान्सिस बोर्झेलो यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या सर्व खटाटोपावर कठोर टीका केली आहे. दारिद्र्याचा प्रश्न सोडविण्याऐवजी दरिद्री माणसाला सुसंस्कृत करण्यासाठी कलेचा वापर झाला, असा तिचा मथितार्थ आहे. हा आरोप खोटा म्हणता येणार नाही. तथापि तो देणाऱ्याच्या हेतूपाशीच थांबतो, असे आम्हांस वाटते. घेणाऱ्यांनी त्या देणगीचे पुढे काय केले, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे, आणि व्हाइटचॅपेलमध्ये त्याचे उत्तर फार लांब शोधावे लागत नाही.

ज्या वर्षी पहिले प्रदर्शन भरले त्याच १८८१ साली रशियन साम्राज्यात ज्यूंच्या कत्तलींची लाट उसळली आणि त्यानंतरच्या तीन दशकांत हजारो ज्यू कुटुंबे पूर्व लंडनमध्ये येऊन वसली. त्यांची घरची भाषा यिडिश. बार्नेट यांची सूची इंग्रजीत. जवळच्या ब्रिक लेनवर १७४३ साली फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासितांनी बांधलेली एक प्रार्थना-वास्तू आहे. ती १८९८ साली सिनॅगॉग झाली आणि १९७६ साली मशीद. एकाच छताखाली तीन पंथ आणि तीन स्थलांतरितांच्या बोली नांदलेला हा परिसर होता, हे विसरून चालणार नाही. दालनाला लागूनच १८९२ पासून सार्वजनिक ग्रंथालय होते. घरात बसावयास जागा नाही आणि शिक्षणास पैसा नाही अशा ज्यू तरुणांचे ते खरे विद्यापीठ बनले. डेव्हिड बॉम्बर्ग, मार्क गर्टलर, कवी व चित्रकार आयझॅक रोझेनबर्ग ही मंडळी याच परिसरात वाढली. १९०६ साली दालनाने ज्यू कला व प्राचीन वस्तूंचे प्रदर्शन भरविले तेव्हा शेजारी प्रथमच प्रदर्शनाचा विषय झाला. विषय होणे म्हणजे कर्ता होणे नव्हे. परंतु तेही लवकरच घडले. १९१४ च्या उन्हाळ्यात विसाव्या शतकातील नव्या कलाप्रवाहांचा आढावा घेणारे प्रदर्शन भरले, त्यातील ज्यू विभागाची जुळणी तेव्हा तेवीस वर्षांच्या बॉम्बर्गने केली. त्याकरिता तो पॅरिसला गेला आणि मोदिल्यानीसारख्या कलावंतांची कामे त्याने आणविली. ज्याच्या वस्तीला बोध करण्यासाठी दालन निघाले होते तो तरुण आता लंडनला नवी कला दाखवीत होता. बार्नेट ते पाहावयास नव्हते. ते १९१३ साली वारले होते. रोझेनबर्ग १ एप्रिल १९१८ रोजी पहिल्या महायुद्धात मारला गेला.

१९३२ पासून दालनाने 'ईस्ट एंड अकॅडेमी' या नावाने एक खुले प्रदर्शन सुरू केले. ऑल्डगेट येथील प्रसिद्ध पाणपंपाच्या पूर्वेस राहणारा अथवा काम करणारा कोणीही कलावंत त्यात चित्र पाठवू शकत असे. पिकॅडिलीतील रॉयल अकॅडेमीला नावातूनच काढलेला हा चिमटा मोठा मार्मिक आहे. प्रवेशाची अट म्हणून एखाद्या पंपाची दिशा सांगणारी दुसरी कोणती अकॅडेमी आमच्या तरी ऐकिवात नाही.

या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग जानेवारी १९३९ मधला. पिकासोचे 'गेर्निका' हे भव्य चित्र स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या साहाय्यार्थ इंग्लंडमध्ये फिरत होते. ऑक्टोबर १९३८ मध्ये ते पश्चिम लंडनमधील एका प्रशस्त दालनात लागले होते. तेथून ते व्हाइटचॅपेलला आणले ते स्टेपनीच्या कामगार संघटनांनी. उद्घाटन मजूर पक्षाचे नेते क्लेमेंट ॲटली यांनी केले. प्रवेशमूल्य म्हणून आघाडीवरील सैनिकांना उपयोगी पडतील असे बूट स्वीकारले जात आणि ते चित्राखाली ओळीने मांडलेले असत, असे सांगतात. पहिल्या आठवड्यातच सुमारे १५,००० लोक येऊन गेले. पूर्व लंडनच्या कामगारांना ते दुर्बोध नवचित्र 'समजले' काय, असा प्रश्न पुष्कळ वेळा विचारला जातो. तो प्रश्न आम्हांस काहीसा गैरलागू वाटतो. सव्वादोन वर्षांपूर्वीच, १९३६ च्या ऑक्टोबरात, जवळच्याच केबल स्ट्रीटवर याच वस्तीतील लोकांनी मोस्ले यांच्या फॅसिस्ट मोर्चाला वाट अडवून परत फिरविले होते. चित्रातील आकांत कशाचा आहे हे त्यांना सूचीतून वाचावयाचे नव्हते. चित्र आणणारे तेच, बोलणारे तेच व ऐकणारेही तेच होते. दालनाने फक्त भिंत दिली.

युद्धोत्तर काळात वारे बदलले. १९५२ साली ब्रायन रॉबर्टसन दालनाचे संचालक झाले. (मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी उघडली तेही हेच वर्ष.) १९६८ पर्यंतच्या त्यांच्या कारकीर्दीत व्हाइटचॅपेल हे आधुनिक कलेचे एक अग्रगण्य केंद्र बनले. १९५६ साली बारा गटांनी मिळून उभारलेल्या 'धिस इज टुमॉरो' या प्रदर्शनात सिनेमाची भित्तिचित्रे, जाहिराती व यंत्रमानव यांना कलादालनात प्रवेश मिळाला. १९५८ मध्ये जॅक्सन पोलॉक आणि १९६१ मध्ये मार्क रॉथ्को यांची प्रदर्शने झाली. रॉथ्को यांनी दालनास पाठविलेल्या सूचना उपलब्ध आहेत. भिंत पांढरीफटक नको, किंचित उबदार छटेची हवी. प्रकाश मंद हवा. चित्रे जमिनीच्या शक्य तितकी जवळ टांगावी. पेनीच्या सूचीपासून आपण येथे किती दूर आलो हे पाहावे. प्रेक्षकाच्या मनाची तयारी करण्याचे जे काम बार्नेट शब्दांवर सोपवीत, ते आता भिंतीच्या रंगावर व उजेडावर सोपविले गेले. कलेच्या दृष्टीने हा काळ वैभवाचा, याविषयी दुमत नाही. तरुण कलाविद्यार्थ्यांना व्हाइटचॅपेल तीर्थस्थान वाटू लागले. परंतु मौन ही देखील एक भाषा आहे आणि ती प्रत्येकास शिकलेली नसते. शेजारच्या गल्लीतून आलेल्या माणसास ती इंग्रजी सूचीहून सोपी होती, असे आम्ही म्हणणार नाही.

१९७६ ते १९८८ या काळात निकोलस सेरोटा संचालक असताना हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. वस्ती तोवर पुन्हा बदलली होती. ज्यू कुटुंबे उत्तरेच्या उपनगरांकडे सरकली होती आणि त्यांच्या जागी सिल्हेटहून आलेल्या बंगाली मुसलमानांची घरे झाली होती. जेनी लोमॅक्स यांनी १९७९ पासून दालनाच्या शिक्षणकार्याची सूत्रे हाती घेतली. कलावंतांना परिसरातील शाळांतून धाडावयाचे आणि मुलांनी त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम करावयाचे, यावर त्यांचा भर होता. चित्राचा अर्थ सांगणारा निवेदक येथे मागे पडतो. मुलाच्या हाती साहित्य येते. १९८५ साली इमारतीची पुनर्रचना होऊन दालन पुन्हा उघडले तेव्हा व्याख्यानगृहाबरोबर शिक्षणाच्या कामासाठीही स्वतंत्र जागा देण्यात आली. सार्वजनिक कार्यक्रमांना स्वतःची खोली मिळणे ही बाब वरवर क्षुल्लक वाटेल. पण ज्या संस्थेत ते कार्यक्रम कोपऱ्यात उभे राहून करावे लागतात तेथील मंडळींना तिचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

१९८८ साली बांगलादेशातील मलमल व कांथा यांचे प्रदर्शन झाले. १९०६ च्या ज्यू प्रदर्शनाशी त्याचे साम्य उघड आहे. शेजारी पुन्हा प्रदर्शनाचा विषय झाला. मात्र एक भेद नोंदविण्याजोगा आहे. कांथा म्हणजे जुन्या साड्या-धोतरांचे थर शिवून केलेली गोधडी. ती घरातील बायकांच्या हातची वस्तू. तिच्यापुढे उभ्या राहिलेल्या सिल्हेटी गृहिणीस ती काय आहे हे कोणी सांगावयाचे? येथे जाणकार तीच होती आणि समजावून घेण्याची पाळी संग्रहालयशास्त्रज्ञाची होती. आपल्याकडील गोधडीचे असे प्रदर्शन भरले तर निवेदन कोणाचे असावे, याचा विचार मराठी वाचकानेही करून पाहावा.

शेजारचे ग्रंथालय २००५ साली बंद झाले. ती इमारत दालनात सामावून घेण्यात आली आणि २००९ च्या एप्रिलमध्ये विस्तारित दालन खुले झाले. ग्रंथालय जाऊन तेथे कलादालन यावे याची काहींना खंत वाटली आणि ती रास्त होती. रोझेनबर्गसारखा मुलगा आज कोठे वाचत बसेल, हा प्रश्न तिच्यामागे आहे. पूर्वीच्या ग्रंथालयाच्या जागेतच पहिल्या वर्षी गोश्का माकुगा या पोलिश कलावतीची मांडणी होती. मूळ 'गेर्निका' माद्रिदहून हलविणे शक्य नव्हते. तेव्हा नेल्सन रॉकफेलर यांनी १९५५ साली विणवून घेतलेली त्या चित्राची तसबीरवजा जाजम-प्रत न्यूयॉर्कहून आणण्यात आली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीच्या दाराशी लावलेली आणि फेब्रुवारी २००३ मध्ये इराक-युद्धाच्या चर्चेच्या वेळी निळ्या पडद्याने झाकलेली ती हीच. तिच्यासमोर माकुगा यांनी एक मोठे गोल मेज मांडले. कोणत्याही मंडळाने, गटाने वा संघटनेने आगाऊ सांगून त्या मेजाभोवती आपली सभा घ्यावी, भाडे नाही, अट एवढीच, की सभेची काही नोंद दालनाकडे द्यावी. वर्षभर लोक येत राहिले, आपापल्या विषयांवर बोलत राहिले आणि त्यांच्या नोंदी दालनाच्या दप्तरात जमा होत गेल्या.