उन्हावर जगणारे प्राणी

मुंबई विद्यापीठांत १९१९ पासून १९२४ पर्यंत समाजशास्त्राचे प्राध्यापक असलेले पॅट्रिक गेडीस आमच्याकडील सुशिक्षितांस माहीत आहेत ते नगररचनेचे पंडित म्हणून. इंदूर शहरासंबंधींचा त्यांचा अहवाल, डॉ. घुर्ये यांच्यासारखे त्यांचे शिष्य, जगदीशचंद्र बोस यांचें त्यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेलें चरित्र, या गोष्टी पुष्कळांच्या कानांवर असतात. परंतु याच गेडीसांनीं तरुणपणीं फ्रान्सच्या किनाऱ्यावर एका क्षुद्र कृमीच्या अंगांतून निघणारे बुडबुडे गोळा केले होते, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. त्या बुडबुड्यांनीं उभा केलेला प्रश्न दीडशें वर्षें होत आलीं तरी शास्त्रज्ञांचा पिच्छा सोडीत नाहीं. तो प्रश्न असा कीं, झाडाप्रमाणें प्राण्यासही नुसत्या उन्हावर पोट भरतां येईल काय?

प्रश्न वरवर पोरकट दिसतो. पण गेडीस हे बुडबुडे गोळा करीत होते तें साल होतें १८७८, आणि त्याच सालीं आमचा दख्खन एका भयंकर दुष्काळांतून नुकता कोठें डोकें वर काढीत होता. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध कांहींच नाहीं. तथापि ज्या देशांत १८७६ ते १८७८ या काळांत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं आणि ऊन मात्र एक दिवसही कमी पडलें नाहीं, त्या देशाच्या वाचकांस हा प्रश्न केवळ करमणुकीचा वाटूं नये.

रॉस्कॉफ हें ब्रिटनी प्रांतांतील समुद्रकांठचें गांव. लाकाझ-द्युतिये यांनीं १८७२ सालीं तेथें समुद्रांतील जीवांच्या अभ्यासासाठीं एक प्रयोगशाळा काढली होती. हक्स्ले यांच्या हाताखालीं शिकलेला हा स्कॉटिश तरुण दुखण्यांतून उठून हवापालटासाठीं तेथें आला. ओहोटी लागली म्हणजे तेथील वाळूवर गर्द हिरवे डाग उमटतात आणि भरतीचें पाणी येऊं लागलें कीं नाहींसे होतात. शेवाळ म्हणावें, तर शेवाळ असें वेळ पाहून वाळूंत शिरत नाहीं. चिमूटभर वाळू उचलून पाहिली म्हणजे कळतें कीं, तीनचार मिलिमीटर लांबीच्या चपट्या कृमींचा तो भला मोठा मेळा आहे. हल्लीं या कृमीचें नांव पुस्तकांतून बदललें आहे. आम्ही आपलें जुनें ‘कॉन्व्होल्यूटा’ हेंच वापरतों.

गेडीसांनीं हे कृमि उन्हांत ठेवले. त्यांच्यांतून निघणारा वायु धरून तपासला, तों त्यांत प्राणवायु भरपूर निघाला. शरीर तपासलें, तों पिष्ट, म्हणजे झाडें पानांत साठवितात तो पदार्थ, सांपडला. चालतो, वाळूंत शिरतो, आणि तरीही झाडाप्रमाणें प्राणवायु सोडतो व पिष्ट तयार करतो, असा प्राणी डोळ्यांसमोर उभा राहिला. हा शोध १८७९ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं मेक्सिकोच्या प्रवासांत त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. पुढें दृष्टि आली, परंतु सूक्ष्मदर्शकाशीं तितक्या चिकाटीचा संबंध राहिला नाहीं. मुंबईस नगररचनेचे गेडीस मिळाले याचें थोडेंबहुत श्रेय त्या आजारासही द्यावें लागेल.

पण हा हिरवा रंग कोणाचा? येथपासून खरी कथा सुरू होते. जर्मनीचे कार्ल ब्रांट यांनीं १८८१ सालीं प्रतिपादन केलें कीं, प्राण्यांच्या अंगांत दिसणाऱ्या हिरव्या व पिवळ्या पेशी प्राण्यांच्या नव्हेत, त्या त्यांच्या आंत वस्तीस आलेल्या स्वतंत्र वनस्पति होत. गेडीसांनींही १८८२ सालीं हेंच मत मांडलें, आणि मग अग्रमान कोणाचा यावरून दोघांचें वाजलें. विद्वानांच्या घरीं मातीच्या चुली नसतात असें थोडेंच आहे! कॉन्व्होल्यूटाचा निकाल मात्र कीबल आणि गॅम्बल या दोघा इंग्रजांनीं लावला. त्यांना असें आढळलें कीं, या कृमीचें पिल्लू अंड्यांतून निघतें तेव्हां बिनरंगी असतें. पाण्यांतील एक विशिष्ट शेवाळपेशी पोटांत गेल्यावरच तें हिरवें होतें, आणि ती न मिळाली तर वाढत नाहीं. १९०७ सालीं त्यांनीं ती शेवाळपेशी वेगळी काढून दाखविली, व १९१० सालीं एकट्या कीबल यांनीं ‘वनस्पति-प्राणी’ अशा अर्थाच्या नांवाचें छोटेखानी पुस्तक लिहिलें. मोठा झालेला कृमि खाणें सोडून देतो आणि आंतल्या शेवाळानें केलेल्या अन्नावर राहतो. शेवटीं, त्यांच्या मतें, तो त्या शेवाळासच पचवूं लागतो आणि मग स्वतःही मरतो. सहजीवन हा शब्द ऐकून आपल्या मनांत जें गोड चित्र उभें राहतें, त्यांत हा शेवट बसत नाहीं.

तेव्हां प्राणी हिरवा दिसला तरी पान त्याचें नव्हे, असें ठरलें. परंतु १९६५ सालीं जपानांतील कावागुटी आणि यामासू यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं एक शंखहीन समुद्री गोगलगाय पाहिली, आणि तिच्या पेशींत त्यांस सबंध शेवाळ न दिसतां शेवाळाचे केवळ हरितकण दिसले. पानाच्या पेशींत ज्या सूक्ष्म कारखान्यांत प्रकाशापासून साखर होते, तेच हे हरितकण. ही गोगलगाय शेवाळाच्या तंतूंतील रस शोषते, बाकीचें पचवते, आणि हे कण तेवढे आपल्या पेशींत राखून ठेवते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील खारटाणांत हिची एक भगिनी राहते, एलिसिया क्लोरोटिका. पिंपळपानासारखी हिरवीगार, आणि एकदां हरितकण मिळाले कीं उजेडांत ही नऊदहा महिने अन्नावांचून राहूं शकते.

यांत चमत्कार कोणता तें नीट समजून घेतलें पाहिजे. हरितकणास लागणारीं दोनतीन हजार प्रथिनें असतात. त्यांपैकीं सुमारे शंभरांचाच आराखडा त्याच्या स्वतःच्या जनुकांत असतो. बाकीचा सारा आराखडा वनस्पतीच्या केंद्रकांत, म्हणजे गोगलगाईनें मागें टाकलेल्या भागांत, राहिला. मालकाला मारून गिरणी पळवून आणली, पण सुटे भाग पुरविणारा मालकच होता, असा हा प्रकार. उन्हांत हरितकणाचीं यंत्रें सतत झिजतात. मग ही गिरणी चालते कशी? २००८ सालीं मेरी रंफो आणि त्यांचे सहकारी यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, शेवाळाचें एक आवश्यक जनुक गोगलगाईच्या स्वतःच्या जनुकसंचांत आढळतें. जगभर एकच गवगवा झाला. निसर्गानेंच जर वनस्पतीचें जनुक प्राण्यांत कलम केलें आहे, तर माणसानें तें कां करूं नये?

दुर्दैवानें पुरावा टिकला नाहीं. २०१३ सालीं देबाशीष भट्टाचार्य व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याच गोगलगाईच्या अंड्यांतील जनुकसंच वाचून पाहिला. अंड्यांत शेवाळाची भेसळ असण्याचा संभव नसतो. तेथें शेवाळाचीं जनुकें स्थायिक झाल्याची खूण मिळाली नाहीं. पुढल्या वर्षीं जर्मन संशोधकांनीं याच कुळांतील दुसऱ्या दोन जाती अंधारांत ठेवल्या. तरीही त्या महिनोनमहिने जगल्या, व त्यांचें वजन उजेडांतल्यांच्या मानानें फारसें अधिक घटलें नाहीं. वाद तेवढ्यानें मिटला नाहीं. परंतु हरितकण म्हणजे चालती भट्टी नसून हळूहळू संपवायची शिदोरी असावी, हा तर्क तेव्हांपासून बळावला आहे. आमचेंही मत त्याच बाजूस झुकतें.

मनुष्याविषयीं बोलायचें तर एक साधा हिशेब मांडून पाहावा. भर उन्हांत एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट प्रकाश पडतो. माणसाच्या कातडीचा पाऊण चौरस मीटर एवढाच भाग एका वेळीं उन्हाकडे असतो असें धरा, आणि पिकांचीं पानें साधारणपणें ठेवतात त्याप्रमाणें शेंकडा एक भाग पदरांत पडतो असें समजा. सहा तास उघड्या अंगानें उन्हांत उभें राहिल्यावर चाळीस कॅलरींच्या आसपास मिळतील, आणि रोजची गरज असते दोन हजारांची. अर्धी पोळीही नाहीं! कॉन्व्होल्यूटा किंवा एलिसिया यांचें भागतें याचें एक कारण त्यांचा चपटा, पानासारखा देह. दुसरें कारण त्यांना धांवावें, रक्त ऊन ठेवावें, लेख लिहावे, असलीं खर्चिक कामें करावीं लागत नाहींत. एखादें जनुक घालून कातडी हिरवी होईल, पण झाडाचा विस्तार आणि झाडाचें स्वस्थपण कोठून आणणार?

इतकें असूनही प्रयोग थांबले नाहींत, आणि थांबूंही नयेत. हिंदुस्थानच्या नद्यांतील झेब्रा मासा प्रयोगशाळांचा लाडका आहे. त्याच्या गर्भांत २०११ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणु टोंचून घातले. मासे वाढले, जीवाणूही कांहीं काळ जगले, पण एकाचा दुसऱ्यास लाभ झाल्याचें दिसलें नाहीं. २०२४ सालीं तोकियो येथें मात्सुनागा यांच्या प्रयोगशाळेंत एका तांबड्या शेवाळाचे हरितकण हॅमस्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घालण्यांत आले. ते दोन दिवस काम करीत राहिले, नंतर ढासळूं लागले.

मात्र या धडपडींत एक निराळी वाट सांपडली आहे. म्युनिकच्या संशोधकांनीं २०२१ सालीं बेडूकमाशांच्या रक्तांत शेवाळपेशी सोडल्या. भोंवतालचा प्राणवायु काढून घेतल्यावर त्या प्राण्यांच्या मेंदूचें काम बंद पडलें. उजेड पाडतांच आंतल्या शेवाळानें प्राणवायु सोडला आणि मेंदूचें काम पुन्हां सुरू झालें. त्यापूर्वी २०१७ सालीं स्टॅनफर्ड येथें रक्तपुरवठा तुटलेल्या उंदरांच्या हृदयांवर अशाच प्रकाशजीवाणूंचा प्रयोग करून प्राणवायु वाढल्याचें दाखविण्यांत आलें होतें. तोकियोच्या मंडळींसही हरितकणांपासून अन्नाची फारशी अपेक्षा नाहीं. प्रयोगशाळेंत वाढविलेल्या जाड मांसपेशींच्या गाभ्यांत हवा पोंचत नाहीं व तेथील पेशी गुदमरतात, तेथें हे कण प्राणवायु पुरवितील अशी त्यांची आशा आहे. रॉस्कॉफच्या वाळूवर १८७८ सालीं गेडीसांनीं धरून ठेवला होता तो वायु हाच.