राखणदाराचा खेळ : ‘डिफेंडर’ पुन्हा पाहताना

साहित्याच्या वर्गात व्हिडिओ गेमचा विषय निघालाच, तर तो बहुधा वाचनसंस्कृतीचा शत्रू म्हणून निघतो. ही तक्रार समजण्यासारखी आहे; पण तिच्यामुळे एक मूलभूत प्रश्न विचारायचा राहून जातो. या खेळांनी कथनाच्या रूपात काही नवे आणले का? उत्तर शोधताना घरगुती संगणकाच्या आरंभकाळातील एक खेळ पुन्हा पाहणे उपयोगाचे ठरावे.

अमेरिकेतील विल्यम्स कंपनीने १९८१ साली ‘डिफेंडर’ हा नाणे टाकून खेळायचा खेळ बाजारात आणला. यूजीन जार्विस हे त्याचे प्रमुख रचनाकार. १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या जपानी खेळात सारे युद्ध एकाच चौकटीत घडत असे. जेवढे दिसते तेवढेच जग. ‘डिफेंडर’चे जग मात्र पडद्याहून कित्येक पट रुंद होते. यान डावीउजवीकडे धावू लागले की खालची डोंगरांची रेघ सरकू लागे. १९८१ सालच्याच ‘स्क्रॅम्बल’मध्येही दृश्य सरकत असे, पण एकाच दिशेने आणि आपोआप. ‘डिफेंडर’मध्ये मागे फिरता येत होते; किंबहुना मागे फिरणे हाच त्या खेळाचा गाभा होता.

याचे कारण त्याच्या कथेत आहे. जमिनीवर दहा माणसे आहेत. परग्रहावरची याने उतरतात आणि त्यांना एकेक करून उचलून नेतात. माणूस वरपर्यंत नेला गेला, तर त्याच्यासह ते यान अधिक हिंस्र रूप धारण करते. दहाही माणसे गेली की ग्रहाचाच स्फोट होतो, डोंगरांची रेघ नाहीशी होते आणि उरते ती काळ्या पोकळीतील निव्वळ मारामारी. अपहरण करणाऱ्या यानाला पाडल्याचे गुण १५०. पण त्यातून निसटून पडणाऱ्या माणसाला हवेत झेलल्याचे ५०० आणि त्याला सुखरूप जमिनीवर ठेवल्याचे आणखी ५००. आपल्याच गोळीने तो माणूस मरूही शकतो. मारण्यापेक्षा राखणे मोलाचे, हे मूल्य येथे उपदेशातून नव्हे, तर अंकगणितातून सांगितलेले आहे.

पडद्याच्या वरच्या भागात एक अरुंद पट्टी असते. तिच्यात सबंध जगाचा नकाशा ठिपक्यांच्या रूपात दिसतो. समोर युद्ध चालू असताना डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या पट्टीकडे पाहावे लागते, कारण दूर कुठेतरी कोणीतरी उचलले जात असते. जे समोर नाही त्याचीही जबाबदारी आपली आहे, ही जाणीव खेळणाऱ्याच्या बोटांत उतरवणे हे या खेळाचे खरे नावीन्य होय.

ही कल्पना घरापर्यंत कशी पोचली, तेही पाहण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या संगणक-साक्षरता मोहिमेसाठी एकॉर्न कंपनीने ‘बीबीसी मायक्रो’ बनवला. त्याच्यासाठी नील रेन यांनी लिहिलेला ‘प्लॅनेटॉइड’ हा ‘डिफेंडर’चाच अवतार १९८२ साली आला, आधी त्याचे नावही तेच होते. या यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट, आणि आठ रंगांचा पडदा त्यांपैकी २० एकटाच व्यापी. एवढे चित्र दर क्षणी नव्याने काढणे त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून चित्र न हलवता, स्मृतीतील कोणत्या जागेपासून ते वाचायला सुरुवात करायची, तेवढेच बदलायचे. संहिता जागेवरच, वाचनाचा आरंभबिंदू सरकतो! उलट, वरचा नकाशा स्थिर दिसावा म्हणून तो प्रत्येक वेळी पुन्हा रेखाटावा लागतो. येथे सारे श्रम स्थिर दिसणाऱ्या गोष्टीचे आहेत.

आपल्या केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ हा शालेय संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळांत आले ते हेच यंत्र. साक्षरता म्हणजे यंत्राची ओळख, असा तेव्हाचा अर्थ होता. त्या यंत्रावरच्या कृतींचे रूप वाचता येणे, हा अर्थ आपण आजही पुरेसा स्वीकारलेला नाही.

तो स्वीकारायचा तर आपल्याकडे साधने आहेत. चिंचणी-डहाणूच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे आले की बोरिवलीजवळ एकसर येथे मध्ययुगीन वीरगळ आहेत. त्यांवर आरमारी लढाई कोरलेली आहे. काही अभ्यासक ती शिलाहार-यादव संघर्षातील मानतात. महाराष्ट्रातल्या कित्येक वीरगळांवर गोधन पळवणाऱ्यांशी झुंजून पडलेला वीर दिसतो. म्हणजे अपहरण, पाठलाग आणि रक्षण ही कथा आपल्याला नवी नाही. वीरगळ खालून वर वाचतात : तळाशी मृत्यू, मध्ये अप्सरांबरोबर स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा. मृत्यू हा तेथे वाचनाचा आरंभ आहे. ‘डिफेंडर’मध्ये स्वर्गाचा पट्टाच नाही. शत्रूंच्या लाटा संपत नाहीत, अंतिम विजय ठेवलेलाच नाही. राखण जितकी लांबवता येईल तितकी लांबवायची, एवढेच.

स्मरणाच्या बाबतीत मात्र दोघांची उलटापालट होते. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही. कृत्य कोरलेले आहे, नाव हरवले आहे. ‘डिफेंडर’च्या यंत्रात उत्तम खेळणाऱ्याची तीन आद्याक्षरे आणि गुणसंख्या नोंदली जाई; नाव राहिले, पण कोणाला कसे वाचवले याची खूण नाही. वीरगळाची चौकट वाचायला आपण इतिहासकारांकडून शिकलो. सरकत्या पडद्याची चौकट वाचण्याचे काम मात्र साहित्याच्या अभ्यासकाचेच आहे, कारण प्रश्न कथनाचा आहे. हे खेळ आज नव्या संगणकांवरही चालवून पाहता येतात. ‘कथनातील अवकाश’ शिकवताना एखाद्या तासाला ‘डिफेंडर’ समोर ठेवावा आणि विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : चौकटीबाहेरच्या माणसाची काळजी वाटायला लावण्यासाठी कादंबरी काय करते आणि हा खेळ काय करतो?