महिंद्रा, मोहम्मद आणि आग्रा रोडवरच्या गंजक्या जिपा

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की सोनगीर मागे पडतं, नरडाणा येतं आणि पुढे सावळद्याला तापी ओलांडावी लागते. हा आपला आग्रा रोड. या पट्ट्यात गॅरेजच्या मागे, जिनिंगच्या भिंतीला टेकून, नाहीतर एखाद्या जुन्या वाड्याच्या परसात अजूनही जिपा उभ्या दिसतात. चाकं मातीत रुतलेली, हूड फाटून गेलेला, ड्रायव्हरच्या जागेतून बाभूळ वर आलेली. पोरं स्टिअरिंग धरून खेळतात, कोंबड्या खाली अंडी घालतात. जाणारा येणारा त्याला भंगार म्हणतो. इतिहास शिकवणाऱ्याने मात्र त्या पत्र्याजवळ जरा थांबायला हवं, कारण तिथे आपल्या भागाची साठ-सत्तर वर्षं उभी आहेत.

जीप मुळात लढाईची. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहान कंपनीने पहिला नमुना बनवला, पण खरं उत्पादन विलीस आणि फोर्ड या दोघांनी केलं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांच्या वर जिपा तयार झाल्या. त्यातल्या काही बर्माच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आल्या आणि युद्धानंतर ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून इथेच विकल्या गेल्या. ओळखायची सोपी खूण सांगतो: बोनेट बुटकं आणि पुढच्या जाळीला नऊ फटी असतील तर ती युद्धातली. सात फटी आणि उंच बोनेट असेल तर ती नंतरची सीजे थ्री बी. तिचं ‘हरिकेन’ इंजिन जास्त उंच होतं, म्हणून बोनेट वर उचलावं लागलं. आपल्याकडे परसात कुजणाऱ्या बहुतेक या दुसऱ्या जातीच्या.

आता ती कोणी बनवली, ते पाहू. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी निघाली. तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. जे. सी. आणि के. सी. हे महिंद्रा बंधू, आणि तिसरे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. हे लाहोरचे, अलिगढला शिकलेले, रेल्वेच्या हिशेब खात्यातले अधिकारी. निजामाच्या हैदराबादेतही त्यांनी अर्थखात्याचं काम केलं होतं. के. सी. महिंद्रा युद्धकाळात अमेरिकेत हिंदुस्थान सरकारच्या पुरवठा मिशनचे प्रमुख होते, त्यामुळे विलीसचा धागा तिथून जुळला. मग फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. आद्याक्षरं तीच राहिली. अमेरिकेतून सुटे भाग आणून माझगावला जिपा जोडायचं काम त्याच सुमाराला सुरू झालं, आणि पुढे जीप इथेच बनू लागली.

ही गोष्ट आपल्या लोकांत सांगितली की दोन प्रकारचे चेहरे दिसतात. एक, ‘बघा, आमचं नाव पुसलं’ असा. दुसरा, ‘बघा, आमचाही हात होता’ असा. मला दोन्ही पटत नाहीत. गुलाम मोहम्मद स्वतः निघून गेले, त्यांना कोणी बोर्डावरून खोडलं नाही. आणि अभिमानाचं म्हणाल, तर हेच गृहस्थ पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले आणि १९५४ साली तिथली संविधान सभाच त्यांनी बरखास्त केली. अशा माणसाच्या नावाने छाती फुगवण्यात काय अर्थ आहे? जिपेतला मुसलमानांचा वाटा शोधायचा असेल तर तो कंपनीच्या पाटीवर सापडणार नाही. तो गॅरेजमध्ये, काळ्या नखांत सापडेल.

स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळासुद्धा जिपांचाच, तोही जुन्या जिपांचा. काश्मीरच्या लढाईसाठी १९४८ साली लंडनमध्ये व्ही. के. कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या जुन्या जिपांचा करार केला. दीडशेच्या आसपास गाड्या आल्या, आणि त्या वापरण्याच्या लायकीच्या नव्हत्या.

खानदेशात जीप आधी सरकारी माणसाची म्हणून आली. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या, पंचायत समित्या झाल्या, बीडीओ साहेबाची जीप गावोगाव फिरू लागली. मलेरियावाले, कुटुंब नियोजनवाले, निवडणुकीत भोंगे बांधून फिरणारे, सगळे जिपेतून. मग सरकारी गाडी निर्लेखित व्हायची, लिलावात निघायची आणि एखाद्या बागाईतदाराच्या दारात यायची. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं तसं तिचं पेट्रोल इंजिन उतरवलं गेलं. कुणी मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं, कुणी ट्रॅक्टरचं. त्यासाठी माउंटिंग कापायचं, शाफ्ट लहान-मोठा करायचा, गिअरबॉक्सला मधली प्लेट बनवून घ्यायची. हे हुनर कोणत्याही पुस्तकात नव्हतं. मालेगावपासून शिरपूरपर्यंतच्या गॅरेजमधले उस्ताद हे खराद मशीनवर करत होते, आणि त्यांत आपले लोक पुष्कळ होते. शेवटी तीच गाडी मागे बाकडी टाकून काळी-पिवळी झाली. नऊ जणांची गाडी अठरा जण घेऊन तालुक्याला जायची. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही, पण ज्या गावाला एसटी दिवसातून एकदा यायची तिथल्या कॉलेजातल्या मुली याच गाडीने शिकल्या.

उघड्यावर गाडी कशी मरते, हेही समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून मुंबई-कोकणापेक्षा पत्रा जास्त टिकतो. पण मे महिन्याचं ऊन रबर आणि वायरिंगचं आवरण तडकवतं. आणि खरी दुश्मन काळी माती. ती पावसाचं पाणी महिनोन्महिने धरून ठेवते. टायर बसले की पाटे आणि चासी मातीला लागतात, आणि वरून ठीक दिसणारी गाडी खालून सडते. फरशीवर उभी केलेली जीप आणि शेतात उभी केलेली जीप यांत म्हणून जमीन-अस्मानाचा फरक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, सिलिंडर जाम होतात. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकट डिंक होतो. उंदीर वायरी खातात. कार्बुरेटर आणि डायनामो तर पहिल्या वर्षातच ‘उधार’ जातात.

आमच्या ओळखीचे एक मिस्त्री चाचा आहेत, सत्तरी ओलांडलेले. बंद पडलेलं इंजिन त्यांना दाखवलं की आधी प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल आणि ऑइल सोडतात, आणि आठ-आठ दिवस हात लावत नाहीत. मग हँडल घालून थोडंसं पुढे, थोडंसं मागे. जोर लावणाऱ्या पोराला ओरडतात. त्यांना लिहिता येत नाही आणि त्यांच्या चेल्यांनी आता मोबाइलची दुकानं टाकली आहेत.

राजेलोकांच्या गाड्यांचं नशीब वेगळं. १९७१ साली तनखे बंद झाले आणि त्यांचीही गॅरेजं कुजू लागली. निजामाच्या वंशजांच्या कितीतरी मोटारी हैदराबादेत धूळ खात पडल्या. पण सहाव्या निजामासाठी मागवलेली पिवळी रोल्स रॉइस आज चौमहल्ला राजवाड्यात चकाकते. आग्रा रोडनेच सातपुडा ओलांडून पलीकडे गेलं की बडवानी. तिथल्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह अशा गाड्या जिवंत करण्यासाठी देशभर ओळखले जातात, संस्थानिकांच्या मोटारींवरच्या एका मोठ्या ग्रंथाचे ते सहलेखकही आहेत. काम मोलाचं आहे, त्यात वाद नाही. पण बीडीओच्या जिपेवर ग्रंथ कोण लिहिणार? तिला घ्यायला येतो तो भंगारवाला, नाहीतर दलाल. दलालाने उचलली तर ती बहुधा हरियाणातल्या मंडी डबवालीच्या वाटेला लागते, जिथे जुन्या जिपेला नवा पत्रा, रुंद टायर आणि भलामोठा स्पीकर लावून लग्नाच्या वरातीची गाडी बनवतात. चासीवरचा नंबर तेवढा जुना राहतो.

२०२१ साली केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी खासगी गाडी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. म्हणजे शौकिनाच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली जीप विंटेज ठरेल. नरडाण्याच्या परसातली, जिचं पेट्रोल इंजिन काढून एखाद्या उस्तादने ट्रॅक्टरचं बसवलं आणि जी पुढे पंचवीस वर्षं माणसं वाहत राहिली, ती ठरणार नाही. तिच्या मालकाने वेळेवर कर भरला नसेल, आरसी बुक उंदरांनी खाल्लं असेल, तर तिच्यासाठी सरकारदरबारी एकच खिडकी उघडी आहे, स्क्रॅपची.